होयबा

त्रेपन्नाव्या वर्षी बायका गुडघ्याचा पट्टा घेतात, मी घोडा घ्यायला निघाले होते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्याला हसायचंय त्याने आत्ताच हसून घ्यावं. माझी नणंद हसलीच. "घोडा कसला घेतेस, घोडचूक करतेस," असं म्हणाली आणि स्वतःच्याच विनोदावर इतकी खूश झाली की संध्याकाळपर्यंत ज्याला त्याला फोन करून तेच ऐकवत होती.

नणंद माझ्याकडेच राहते. निवृत्त मुख्याध्यापिका, माझ्या नवऱ्याहून सात वर्षांनी मोठी. लग्न केलं नाही, आणि का केलं नाही हे विचारायची कोणाची छाती झाली नाही. नवरा गेला तेव्हा दोन बॅगा घेऊन आली, "महिनाभर राहते" म्हणाली, त्याला चार वर्षं झाली. मी त्यांना वन्सं म्हणते, त्या मला नुसतं 'अगं' म्हणतात. आमचं पटतं अशातला भाग नाही, पण भांडायला दोघींनाही दुसरं कोणी उरलेलं नाही.

मी कवळ्या करते. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचा ठसा घेऊन आमच्या कारखान्यात पाठवतात, मी त्यात प्लास्टर ओतून साचा काढते आणि मेणात एकेक दात बसवते. एकतीस वर्षं हेच. माणूस मला कधी दिसत नाही. डब्यावर नुसता नंबर. पण साचा हातात आला की माणूस कळतो. एका बाजूच्या दाढा झिजून सपाट आणि दुसऱ्या बाजूच्या टोकदार असल्या, की हा वर्षानुवर्षं एकाच बाजूने चावतोय, म्हणजे दुसऱ्या बाजूला दुखतंय. मग मी डब्यात चिठ्ठी टाकते, 'डावीकडची खालची, शेवटून दुसरी बघा.' डॉक्टर फोन करतात. "बाई, तुम्हाला कसं कळलं? पेशंट तर काही बोलला नव्हता!" मी म्हणायचे, "माणूस खोटं बोलतो, दाढ बोलत नाही." फार शेखी होती मला. जळली मेली ती शेखी.

कारण माझ्या समोर बसून रोज जेवणारा माणूस आठ महिने टेबलाखाली पोट दाबून धरून जेवत होता, आणि मला कळलं नाही. अर्धं ताट तसंच ठेवायचा. मी चिडायचे. वाटायचं, माझ्या हातचं आता याच्या घशाखाली उतरत नाही. "काय होतंय?" म्हटलं की "काही नाही गं, ठीक आहे." कळलं तेव्हा अकरा आठवडे उरले होते. हॉस्पिटलातला डॉक्टर म्हणाला, "इतके महिने यांना भयंकर दुखत असणार." त्या 'असणार'ने माझी झोप नेली ती नेलीच. वन्संनी मात्र मला एका शब्दाने बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं.

घोड्यापर्यंत मी पोचले ती डुलकीमुळे. कामावरून येताना बसमध्ये डोळा लागला आणि थेट शेवटच्या थांब्यावर उतरले. समोर लाकडी कुंपण, आत वाळूचं रिंगण, आणि रिंगणात माझ्याच वयाचा एक टकला गृहस्थ घोड्यावर बसून जिवाच्या आकांताने ओरडत होता, "उतरवा, उतरवा मला!" घोडा होता जागच्या जागी उभा. मी हसले. किती दिवसांनी हसले ते मोजायला नको. फाटकावर पाटी होती, 'मोठ्या माणसांनाही शिकवतो'. दुसऱ्या दिवशी मुद्दाम शेवटच्या थांब्यापर्यंत गेले.

शिकवायला मास्तर. सत्तरीचे, पाठीत वाकलेले, पण आवाज असा की घोडे सोडा, कुंपणापलीकडची माणसंही सरळ उभी राहायची. मला त्यांनी तपकिरी रंगाचा, कपाळावर पांढरा पट्टा असलेला एकोणीस वर्षांचा घोडा दिला. तबेल्यात त्याला सगळे म्हातारा म्हणायचे. "नवशिक्यांना वाहून वाहून हा माझ्यापेक्षा शहाणा झालाय," मास्तर म्हणाले, "तुम्ही फक्त त्याच्या मध्ये मध्ये येऊ नका."

घोड्यावर चढायला मला तीन पायऱ्यांचं स्टूल, मास्तरांचा खांदा आणि देवाचं नाव, तिन्ही लागायचं. घोडा दुडकी चाल धरायचा तेव्हा त्याच्या तालावर खोगिरात उठायचं आणि बसायचं असतं. शाळेत कधी उठाबशा काढल्या नव्हत्या, त्या सगळ्या तिथे वसूल झाल्या. तिसऱ्या आठवड्यात माझा पाय रिकिबीतून सुटला. मी एका बाजूला कलायला लागले, आणि म्हातारा चालता चालता थांबला. मी पडणार हे मला कळायच्या आत त्याला कळलं होतं. मी त्याच्या आयाळीत तोंड खुपसून रडले. मास्तर पाठ फिरवून उगाच कुंपणाचा खिळा बघत राहिले.

त्यानंतर माझे आठवड्यातले तीन दिवस तिथलेच. मी त्याला खरारा करायचे, खुरातली माती काढायचे आणि बोलायचे. घरात वन्सं बोलतात, मी ऐकते. इथे मी बोलायचे.

चार महिने झाले आणि मास्तरांचे डोळे गेले. म्हणजे एकदम नाही, आधी धूसर झाले, मग ऑपरेशन ठरलं, ते बिघडलं, दुसरं ठरलं. तबेला त्यांच्या जावयाच्या ताब्यात आला. जावई म्हणजे दशमग्रह म्हणतात, हा तर नुसता ग्रहही नव्हता, खुर्ची होती. सकाळी ऑफिसात बसायचा तो संध्याकाळी उठायचा. मला म्हणाला, "ताई, तुम्हाला येतंय आता. तुमचं तुम्ही फिरवा." मला केवढा अभिमान वाटला! मी एकटी म्हाताऱ्याला घेऊन छोट्या रिंगणात जायला लागले आणि गोल गोल फिरायला लागले. माझा डावा गुडघा धड नाही, त्यामुळे उजवीकडे वळणं मला सोपं जायचं. म्हणून आम्ही कायम उजवीकडेच.

त्याच सुमाराला तो 'हो' म्हणायला लागला.

दुडक्या चालीत मी त्याला काहीबाही विचारत असायचे. "आज ऊन फार आहे ना रे?" तो मान हलवायचा, खालीवर, खालीवर. "आमच्या वन्संचं चुकतंच ना?" पुन्हा मान. मला हसू आवरेना. मी त्याचं नाव होयबा ठेवलं. कारखान्यात सगळ्यांना सांगितलं, की माझा घोडा मी म्हणेन त्याला मान डोलावतो. आमचा भट्टीवाला म्हणाला, "नशीबवान आहात. आमच्या घरात भिंतसुद्धा माझ्या बाजूने मान हलवत नाही." पुढे पुढे तर तो नुसता चालतानाही मान हलवायला लागला. फाटकाशी मी दिसले की माझ्याकडे यायचा, होय होय करत. मी म्हणायचे, बघा, माया लागली.

मग एका शनिवारी जावयाने मला ऑफिसात बोलावलं. मास्तरांचे डोळे आता यायचे नाहीत, तबेला बंद होतोय, असं त्याने सांगितलं. तरण्या घोड्यांना घरं मिळाली होती. म्हाताऱ्याला कोणी विचारलं नव्हतं. पुढच्या शनिवारी दलालाची गाडी येणार होती. "ती कुठे जाते?" मी विचारलं. "लांब," तो म्हणाला, आणि टेबलावरची टाचणी उचलून पुन्हा ठेवली. "ताई, तुम्ही घेता का? तुमचं त्याच्याशी जमतं. नुसता कागद करायचा."

मी हो म्हणाले नाही आणि नाहीही म्हणाले नाही. बसमध्ये बसले आणि मग ते माझ्या डोक्यात शिरलं. घोडा! मला साधं मांजर पाळलेलं माहीत नाही. लगाम अजून कधी कधी उलटा घालते. ज्यांना घोड्यातलं कळतं ते म्हणतात, नवशिक्याने निदान दोनतीन वर्षं शिकावं, मग असल्या फंदात पडावं. माझे झाले होते सात महिने. पण मला खरं काय हवं होतं ते मी उघड सांगते. मला घोडेस्वार व्हायचं नव्हतं. मला एक जीव सांभाळायचा होता आणि या वेळी तो नीट सांभाळायचा होता. एवढंच. जे एकदा हातून घडलं ते पुसता येत नाही, हे मला कळत होतं. तरी वाटत होतं.

वन्संनी दोन दिवस तोंडाचा पट्टा चालवला. ठेवणार कुठे? चारणार कोण? आजारी पडला तर? तू आजारी पडलीस तर? मी गावाबाहेरच्या फुलवाल्याकडे जाऊन आले. त्याच्या शेडमागे कुरण होतं, तिथे त्याच्या दोन घोड्या होत्या, तिसऱ्याला जागा होती. सकाळी सहाला कोणीतरी जाऊन बघायला हवं, एवढीच त्याची अट. "बघा, झालं ना," मी वन्संना म्हणाले, "आता घोडं कुठे अडलं?" "घोड्यावरच अडलंय," वन्सं म्हणाल्या.

रविवारी दुपारी मी रिंगणात गेले. खोगीरही घातलं नाही, नुसता दोर धरून त्याला चालवला. म्हटलं, ज्याचं आयुष्य त्यालाच विचारावं. "माझ्याकडे येतोस का रे? फुलवाल्याकडे राहशील? दोन बायका आहेत तिथे, चंगळ आहे तुझी." तो चालता चालता मान हलवत राहिला. "नक्की?" मी विचारलं. हो, हो, हो. मी त्याच्या गळ्यात पडले.

सोमवारी कागदावर सही केली. आधी डॉक्टरला दाखवतात आणि मग सही करतात, ही अक्कल मला मंगळवारी फुलवाल्याने शिकवली. "वरातीमागून घोडं नेताय बाई तुम्ही," तो म्हणाला. मी म्हटलं, त्यात काय, गुरुवारी डॉक्टर बोलावते. काही निघालं तर औषध देऊ.

बुधवारी कामावरून आले तर जेवणाच्या टेबलावर रेघांचा कागद होता, आणि त्यावर वन्संच्या सुबक शाळामास्तरी अक्षरात वेळापत्रक. सोमवार ते शनिवार, सकाळी सहा, पाणी व चारा, आणि पुढे 'मी'. रविवारी तू. संध्याकाळी तू. पावसाळ्यात दोघी. खाली तळटीप होती, 'घोड्याने लाथ मारल्यास जबाबदारी तुझी.' त्या स्वयंपाकघरात भांडी आपटत होत्या. मला वाटलं, आता सगळं ठीक होणार. खरंच वाटलं. चार वर्षांत पहिल्यांदा.

गुरुवारी जनावरांची डॉक्टर आली. तिशीची, बाह्या सरसावलेली, कमी बोलणारी बाई. मास्तरही आले होते, काळा चष्मा लावून, मुलीचा हात धरून. आपल्या म्हाताऱ्याला चांगलं घर मिळालं म्हणून निरोप द्यायला आले होते. मला म्हणाले, "बाई, तुम्ही माझ्या डोक्यावरचं ओझं उतरवलंत."

डॉक्टरने आधी त्याचं तोंड उघडलं. दात बघून मी पुढे सरसावले, माझाच प्रांत होता तो. "छान झिजलेत," मी म्हणाले, "दोन्ही बाजूंनी सारखे." डॉक्टर हसली. मग जावयाला म्हणाली, "याला जरा फरशीवर दुडक्या चालीने पळवा. इथून तिथे आणि परत."

वाळूत टापा ऐकू येत नाहीत. फरशीवर येतात. जावई दोर धरून निघाला, होयबा मागोमाग, आणि माझा होयबा मान हलवत होता, होय, होय, होय. मी डॉक्टरला कौतुकाने सांगितलं, "बघा, त्याची सवयच आहे. आपण काही म्हटलं की हो म्हणतो."

तेवढ्यात मास्तर ओरडले, "थांबवा त्याला!"

जावई दचकून थांबला. मास्तर काळ्या चष्म्यातून भलतीकडेच बघत होते. "पुढचा उजवा," ते म्हणाले. "टाप हलकी पडतेय. आवाज ऐका ना! अरे, कोणाला ऐकू येत नाही का?"

डॉक्टरने मान डोलावली, मग त्यांना दिसत नाही हे लक्षात येऊन तोंडाने म्हणाली, "बरोबर आहे, मास्तर." आणि माझ्याकडे वळली. "हे मान हलवणं कधीपासून आहे?"

"तीन महिने झाले," मी म्हणाले. "आधी फक्त पळताना हलवायचा. आता चालतानाही हलवतो."

तिने शिकवतात तसं सांगितलं, आवाज न चढवता. घोड्याचा पुढचा पाय दुखत असला की तो पाय जमिनीवर टेकताना घोडा डोकं वर उचलतो, म्हणजे त्या पायावर भार कमी येतो. चांगला पाय टेकला की डोकं खाली जातं. वर, खाली, वर, खाली. "लांबून बघणाऱ्याला वाटतं, मान हलवतोय," ती म्हणाली. "तो लंगडत असतो."

मला सगळं ऐकू येत होतं, पण मी भट्टीजवळ उभी असल्यासारखे माझे कान गरम झाले होते. आज ऊन फार आहे ना रे? आमच्या वन्संचं चुकतंच ना? माझ्याकडे येतोस का? तीन महिने मी त्या जनावराच्या पाठीवर बसून गप्पा मारत होते आणि ते प्रत्येक पावलाला सांगत होतं, दुखतंय. मी एकटीच त्याच्यावर बसत होते. मी एकटीच.

डॉक्टरने गाडीतून छोटं यंत्र आणून पायाचे फोटो काढले आणि पडद्यावर दाखवले. खुराच्या आत एक होडीच्या आकाराचं इवलंसं हाड असतं. त्याच्या कडा उंदराने कुरतडल्यासारख्या दिसत होत्या. डाव्या पायातही सुरुवात झाली होती, कारण उजव्याचा भार तो डाव्यावर घेत होता. "हा आजार जुना असणार, हळूहळू वाढणारा," डॉक्टर म्हणाली. "पण इतक्या लवकर... याला फिरवत कसे होतात?"

"छोट्या रिंगणात. गोल."

"कुठल्या बाजूला?"

मी सांगितलं. उजवीकडे वळताना आतल्या पायावर, म्हणजे त्याच दुखऱ्या पायावर, सगळा ताण येतो, हे तिने सांगितलं नाही. तिने फक्त पडदा बंद केला. मी जमिनीवर टेकलेला तो पाय बघितला आणि मला कळलं. साच्यावरून कळतं तसं, एका क्षणात. वेळ टळून गेल्यावर.

"तुम्ही नवीन आहात," डॉक्टर म्हणाली. "तुम्हाला कसं कळणार?"

याहून तिने माझ्या थोबाडीत मारली असती तर चाललं असतं.

मास्तर चाचपडत होयबाजवळ गेले आणि वाकून त्या खुरावर तळवा ठेवून उभे राहिले. बऱ्याच वेळाने म्हणाले, "बाई, तो कागद फाडून टाका. चूक आमची आहे, तुमच्या गळ्यात का म्हणून? तुम्ही मोकळ्या."

"मग शनिवारची गाडी?"

जावयाने दोर या हातातून त्या हातात घेतला. त्या गाडीत नऊ तास उभं राहून जावं लागतं, हे मला सोमवारी सही करताना त्यानेच सांगितलं होतं.

मी डॉक्टरला विचारलं, कुरणात नुसता ठेवला तर? कोणी बसायचं नाही, काही नाही. औषधं देऊ. आमच्याकडे वेळापत्रकसुद्धा तयार आहे. हे शेवटचं मी का बोलले, कोण जाणे.

"काही महिने निघतील," ती म्हणाली. "औषधाचा असर असेपर्यंत बरा दिसेल. उतरला की नुसतं उभं राहणंही त्याला जड आहे, आणि घोडं सदा उभंच असतं. ठरवायचं तुम्हाला, मालकीण तुम्ही. पण मला विचाराल तर, आता जेवढे दिवस ठेवाल ते तुमच्यासाठी ठेवाल. त्याच्यासाठी नाही."

मालकीण. आयुष्यात पहिल्यांदा मी कशाची तरी एकटीने मालकीण झाले होते, आणि पहिला निर्णय हा!

मी भांडले. का खोटं सांगू? डॉक्टरशी भांडले, दुसरा डॉक्टर आणते म्हटलं, नाल बदलून बघा म्हटलं, मास्तरांना म्हटलं तुम्ही काहीतरी सांगा ना. मास्तर म्हणाले, "मी पन्नास वर्षांत असे नऊ बघितलेत, बाई. प्रत्येक वेळी थोडं थांबलो. प्रत्येक वेळी उशीर केला." मग इंजेक्शनसाठी शुक्रवारची दुपार ठरली.

घरी आले तेव्हा वन्सं बाहेरच्या खोलीत घोड्यावरचं ग्रंथालयातून आणलेलं पुस्तक वाचत बसल्या होत्या, बोट पानात घालून. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. मला वाटलं, आता म्हणतील, सांगत नव्हते का मी? त्या म्हणाल्या नाहीत. पुस्तक मिटलं. स्वयंपाकघरात जाऊन चहा केला आणि कप माझ्यापुढे ठेवून बसल्या.

"वन्सं," मी म्हणाले, "मी दुसऱ्यांदा तेच केलं."

मला काय म्हणायचंय ते त्यांना लगेच कळलं. खूप वेळ त्या कपाच्या कानाशी खेळत राहिल्या. मग म्हणाल्या, "मलाही कळलं नव्हतं गं. मी तर त्याला पाळण्यातला ओळखत होते. तो त्या वर्षी दर रविवारी फोन करायचा मला. हसायचा. मी म्हणायचे, बरा आहेस ना? म्हणायचा, एकदम ठणठणीत. मी विश्वास ठेवला, कारण मला ते सोयीचं होतं."

चार वर्षं मी हेच ऐकायला बसले होते, कोणीतरी म्हणावं की मलाही कळलं नाही. ऐकल्यावर बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. दोघींनाही कळलं नाही म्हणजे तो त्या घरात किती एकटा होता, एवढंच मनात आलं.

शुक्रवारी मी अर्धा दिवस रजा टाकली. वन्सं बरोबर आल्या. घोड्याला त्या आयुष्यात कधी हात लावायच्या नाहीत, पण फाटकाच्या आत आल्या आणि कुंपणाला पाठ लावून उभ्या राहिल्या. डॉक्टरने कागद पुढे केला. मालकाचं नाव. घोड्याचं वय. किती काळापासून मालकीत? मी विचारलं, तिथे काय लिहू? "खरं ते लिहा," ती म्हणाली. मी लिहिलं, चार दिवस.

रिंगणामागच्या गवतावर त्याला नेलं. मी दिसल्यावर तो यायला निघाला तेव्हा मीच पळत गेले, म्हटलं, तू नको, तू उभा राहा, बाबा. डॉक्टर म्हणाली, "त्याचं डोकं धरा आणि बोलत राहा. तुमचा आवाज ओळखतो तो. शांत राहील."

काय बोलू? सात महिने मी त्याला प्रश्नच विचारत होते. आता एकही प्रश्न तोंडून काढायची माझी लायकी राहिली नव्हती. मी त्याच्या कपाळाच्या पांढऱ्या पट्ट्यावर हात ठेवला आणि जे तोंडाला येईल ते सांगत सुटले. आज कारखान्यात काय झालं ते सांगितलं, एकाची खालची कवळी तिसऱ्यांदा परत आली ते सांगितलं, भट्टीवाल्याने तुला नमस्कार सांगितलाय म्हटलं. माझं चुकलं रे, म्हटलं. माझं चुकलं, मला काही येत नाही, मी उगाच मोठ्या तोंडाने सगळीकडे सांगत फिरले. त्याचे ओठ माझ्या मनगटाला लागत होते, गरम होते. मग त्याचा भार एकदम माझ्या हातावर आला आणि डॉक्टर म्हणाली, "सोडा, मागे व्हा." मी मागे झाले. मोठं जनावर फार मोठा आवाज करत पडतं. हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

मास्तरांनी दुरून विचारलं, "शांत होता ना?" डॉक्टर म्हणाली, "अगदी." मास्तर मुलीचा हात धरून निघून गेले, माझा निरोप घेतला नाही. घेण्यासारखं काही नव्हतंही.

बसमध्ये आम्हाला शेजारी शेजारी जागा मिळाली. माझ्या अंगाला घोड्याचा वास येत होता, पुढची बाई वळून बघत होती. चारपाच थांबे गेले. वन्संनी आपली पर्स मांडीवर घट्ट धरली होती. शाळेत पोरांना उभं करून उत्तरं काढून घेणारी बाई ती, पण आवाज एवढासा फुटला.

"अगं," त्या म्हणाल्या, "त्याला दुखलं नसेल ना गं?"

त्यांनी कोणाबद्दल विचारलं ते मला कळलं नाही, आणि मी विचारलंही नाही.

"मला काय विचारता, वन्सं?" मी म्हणाले. "मला कुठे कळतं."